गोडाऊनमध्ये सॉफ्टवेअर बसवलं तरी स्टॉक जुळत नाही? या चुका टाळा

भिवंडीत माणकोलीकडून आत शिरलं की गाळ्यांच्या रांगाच रांगा लागतात आणि आता त्यातल्या बऱ्याच गाळ्यांत पोरांच्या हातात स्कॅनर गन दिसते. साबण, शाम्पू, टूथपेस्ट असा रोजच्या वापराचा माल आम्ही सांभाळतो, सॉफ्टवेअर आलं तेव्हा वाटलं होतं की आता रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन पेट्या शोधायची वेळ येणार नाही. पहिले तीन महिने जास्तच शोधल्या. सॉफ्टवेअर चांगलं होतं, आमची तयारी कच्ची होती, आणि त्याच चुका मी आता शेजारच्या गाळ्यांतही होताना बघतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे पेटी आणि नग. आमच्या एका साबणाच्या पेटीत ४८ नग येतात, आयटम मास्टरमध्ये (म्हणजे सिस्टीममधल्या मालाच्या मूळ यादीत) मूळ युनिट होतं नग, आणि ओपनिंग स्टॉक, म्हणजे सुरुवातीचा शिल्लक माल, भरणाऱ्या मुलाने ६० पेट्या मोजून ६० असंच टाकलं. म्हणजे सिस्टीमच्या हिशोबाने सव्वा पेटी. पंधरा दिवसांनी कोल्हापूरच्या एका डिस्ट्रिब्युटरची २० पेट्यांची ऑर्डर आली, सिस्टीम म्हणते स्टॉक नाही, माल तर डोळ्यासमोर छताला टेकलेला, आणि ऑफिसने तोवर पार्टीला नाही म्हणून कळवूनही टाकलेलं. त्या पार्टीने पुढचे दोन महिने आमच्याकडे ऑर्डर दिली नाही, ते मला अजून लागतं.

याचा उपाय गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीमवर खरं काम सुरू करायच्या, आधीच करायचा असतो. नगावरचा बारकोड १३ आकडी असतो, आपल्याकडच्या कंपन्यांचा ८९० ने सुरू होतो, आणि बाहेरच्या पेटीवर बहुतेक वेळा वेगळा १४ आकडी बारकोड असतो. दोन्ही एकाच आयटमला जोडायचे पण एकासमोर १ आणि दुसऱ्यासमोर ४८ लिहायचं. मग प्रत्येक आयटमची एक पेटी प्रत्यक्ष उघडून नग मोजा, कंपनीच्या यादीवर विसंबू नका, कारण ऑफरच्या मालात पेटीची संख्या बदलते आणि यादी जुनीच राहते.

याच्याच जवळची दुसरी चूक एमआरपीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा एकाच बारकोडचा जुन्या भावाचा आणि नव्या भावाचा माल शेजारी शेजारी लागला होता. बारकोड तोच, त्यामुळे गनला फरक कळत नाही. पिकर, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढणारा, जी पेटी हाताशी येईल ती उचलतो, बिल एका एमआरपीचं आणि माल दुसऱ्या एमआरपीचा, दुकानदार गाडी परत पाठवतो आणि त्याचं बरोबरच आहे. तुमच्या सिस्टीममध्ये एमआरपीनुसार वेगळी बॅच ठेवायची सोय असेल तर ती चालू करा आणि दोन भावांचा माल एका खणात कधीच ठेवू नका. भाव असे पुन्हा बदलतील, त्या आठवड्यात सेटिंग शोधत बसायला वेळ मिळणार नाही.

जागेला पत्ता नाही, नुसतं नाव आहे

"पंख्याखाली", "खिडकीजवळ", "शेठच्या केबिनमागे" हे जुन्या माणसांना पाठ असतं, नव्या पोराला नाही. आणि सिस्टीममध्ये अख्ख्या गाळ्याचं एकच लोकेशन "फ्लोअर" म्हणून टाकलं असेल तर तुम्ही फक्त महागडी वही घेतली आहे. गल्ली, रॅक, रॅकचा मजला, खण असा पत्ता द्या, उदाहरणार्थ ब-०४-०३-२, आणि लेबल लावताना एक काळजी घ्या. वरच्या मजल्यांची लेबलं हाताला लागावीत म्हणून सगळे जण खांबावर एकाखाली एक चिकटवतात, मग पोरगा घाईत तिसऱ्या मजल्याऐवजी दुसऱ्याचं स्कॅन करतो. मजल्याप्रमाणे रंग बदला आणि शेजारी बाण काढा, आमच्याकडे एवढ्यानेच चुका खूप कमी झाल्या.

लेबल कसलं छापता तेही बघा. साध्या थर्मल कागदावरचं लेबल पत्र्याखालच्या मे महिन्यातल्या उकाड्यात काळं पडतं किंवा त्यावरची छपाई उडते. रॅकच्या पत्त्याला रिबनवाल्या प्रिंटरचंच लेबल लावा.

पोरं खोटं स्कॅन करतात, पण का?

आमच्याकडे एकदा लक्षात आलं की एक पिकर ४० ओळींची पिकिंग लिस्ट दहा मिनिटांत संपवतोय. बघितलं तर त्याने रॅकच्या लेबलांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवलेले, दरवाज्याजवळ उभा राहून फोटो स्कॅन करायचा आणि मग आत जाऊन माल आणायचा. सुपरवायझर ओरडला. मी त्याच्याबरोबर मागच्या गल्लीत गेलो आणि गन हातात घेऊन उभा राहिलो तर स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय, वायफायच नाही. वायफायची तपासणी झाली होती तेव्हा गाळा रिकामा होता, आता लोखंडी रॅकवर शाम्पू-हँडवॉश भरलेला, आणि असा पातळ माल सिग्नल शोषून घेतो. पोराला वेळेत काम हवं होतं, त्याने त्याच्यापुरता रस्ता काढला होता. तेव्हा सिग्नल माल भरलेला असताना तपासा, मागच्या गल्लीत, खालच्या खणाशी वाकून. आणि माणसाला रागवायच्या आधी तो जिथे उभा राहतो तिथे पाच मिनिटं स्वतः उभे राहा.

गाडी आली की आधी खाली करायची आणि एंट्री संध्याकाळी, ही सवय तर मोडलीच पाहिजे. माथाडी माल उतरवतात, पेट्या दारातच लागतात, तेवढ्यात कुणीतरी त्यातल्याच चार पेट्या अर्जंट म्हणून दुसऱ्या गाडीत चढवतो, आणि सिस्टीमला ना आवक माहीत ना जावक. मग सिस्टीम बिल अडवते म्हणून कुणी तरी मायनस स्टॉकची (आकडा शून्याखाली जाऊ द्यायची) परवानगी चालू करतो आणि तिथून पुढे कुठल्याच आकड्यावर भरवसा राहत नाही. ते सेटिंग पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. बॅकडेटेड एंट्री फक्त एका माणसाच्या हातात द्या, आणि एकच लॉगिन पाच जणांनी वापरायचं तर मुळीच नको, नाहीतर चूक कुठे झाली हे कधीच सापडत नाही.

एक्सपायरीच्या मालात आधी आलेला आधी जाईल हा नियम पुरत नाही, आधी संपणारा आधी गेला पाहिजे, कारण कंपनीकडून उशिरा आलेल्या गाडीत जुनी बॅच असू शकते. आणि उत्पादनाची तारीख एक्सपायरीच्या रकान्यात टाकली गेली की चांगला माल सिस्टीम ब्लॉक करून टाकते.

बिल आणि ई-वे बिल (माल गाडीने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) कधी काढता हेही बघा. पिकिंग लिस्ट निघाली की लगेच बिल काढायची सवय असते, मग गाडीत सात पेट्या मावत नाहीत किंवा ऐनवेळी गाडीच बदलते. कागद एक आणि गाडीत दुसरंच, हे रस्त्यात पकडलं गेलं तर माल अडकतो. दुसऱ्या राज्यात माल पाठवताना ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर ई-वे बिल लागतं, रद्द करायचं तर २४ तासांच्या आत, आणि गाडी बदलली की भाग ब मध्ये नवा नंबर टाकावा लागतो. म्हणून गाडीत चढवताना शेवटचं स्कॅन होऊ दे, मग बिल.

आणि कृपा करून दिवाळीच्या तोंडावर किंवा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गो-लाइव्ह करू नका. टॅलीतला, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला, आकडा जसाच्या तसा उचलून ओपनिंग स्टॉकही करू नका, जुनी चूक नव्या मशीनमध्ये जाते. दोन दिवस आवक-जावक बंद ठेवून मोजा, मोजणाऱ्याला सिस्टीमचा आकडा दाखवू नका, नाहीतर तो तोच लिहून आणतो.

तरीही फरक आला तर?

लगेच अ‍ॅडजस्टमेंट मारू नका, म्हणजे सिस्टीमचा आकडा हाताने बदलून जुळवू नका, आधी फरकाचा आकडा नीट बघा, तोच बरंच सांगतो. फरकाला ४८ ने (किंवा त्या मालाच्या पेटीतल्या संख्येने) पूर्ण भाग जात असेल तर बहुधा अख्खी पेटी इकडची तिकडे, आणि ४७ ने (म्हणजे त्या संख्येपेक्षा एक कमीने) भाग जात असेल तर पेटी-नगाचा घोळ. एका सुगंधाचा साबण १२ ने कमी आणि दुसऱ्याचा बरोबर १२ ने जास्त असेल तर पिकिंगमध्ये अदलाबदल झाली आहे. एका लोकेशनला कमी आणि त्याच्या वरच्या किंवा खालच्या लोकेशनला तितकाच जास्त म्हणजे चुकीचं लेबल स्कॅन झालं. यातलं काही नसेल तर डिस्पॅचच्या जागेत बघा, काल गाडीत न मावलेला माल तिथेच कोपऱ्यात असतो, आणि मग परत आलेल्या मालाचा ढीग, कारण रिटर्नची एंट्री सगळ्यात शेवटी होते. आम्ही त्यासाठी लाल रंगाची वेगळी जागा आखली आणि तिलाही पत्ता दिला.

रोज सकाळी गाड्या लागायच्या आधी २० खण मोजा, एक माणूस पाऊण तासात करतो. एवढं करूनही अ‍ॅडजस्टमेंट करावीच लागली तर कारण निवडल्याशिवाय एंट्री सेव्ह होणार नाही असं सेटिंग करून घ्या, आणि कारणांच्या यादीतून "इतर" हा पर्याय काढून टाका.