चर्चचं ऑनलाइन काम करताय? या चुका टाळा

२०२० च्या लॉकडाउनमध्ये बऱ्याच मंडळ्यांनी घाईघाईत मोबाईल लावून लाइव्ह उपासना सुरू केली, तेव्हा ते ठीकच होतं, पण आजही कित्येक ठिकाणी तोच मोबाईल मागच्या बाकाजवळ स्टँडवर उभा आहे आणि घरी बसलेल्या आजीला पंख्याची घरघर आणि पाळकसाहेबांचा विहिरीतून आल्यासारखा आवाज ऐकू येतोय. मग कमिटीत ठराव काय होतो, तर नवीन कॅमेरा घ्यायचा! अहो कॅमेरा राहू दे, आधी आवाज बघा. चित्र धूसर असलं तरी माणूस संदेश ऐकत बसतो, आवाज फाटला की लगेच बंद करतो.

आवाजाच्या चुका

आवाज मोबाईलच्या माइकवर नाही, चर्चच्या साउंड मिक्सरमधून (सगळे माइक ज्याला जोडलेले असतात ते यंत्र) घ्यायचा. पण इथे लोक मिक्सरच्या आउटपुटची वायर सरळ मोबाईलच्या हेडफोन जॅकमध्ये घालतात आणि मग म्हणतात मिक्सर खराब आहे. मिक्सर खराब नसतो, त्यातून निघतो तो लाइन लेव्हलचा सिग्नल, म्हणजे तगडा, आणि मोबाईलला हवा असतो माइक लेव्हलचा, अगदी बारीक, म्हणून आवाज फाटतो. मधे एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सरचा आवाज लॅपटॉपला देणारी छोटी डबी) लावा आणि लॅपटॉपवर ओबीएस घ्या, ते लाइव्ह करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

आता हे केल्यावर पुढच्या रविवारी फोन येतात की संदेश मस्त ऐकू आला पण गाणी कुठे गेली? बरोबर आहे, पेटी आणि ढोलकी हॉलमध्ये तशीच ऐकू येते म्हणून तिला माइक लावलेला नसतो किंवा अगदी कमी ठेवलेला असतो, आणि मंडळीच्या गाण्याला तर माइक नसतोच, त्यामुळे लाइव्हवर नुसता एकटा गाणारा ऐकू येतो. यावर उपाय म्हणजे लाइव्हसाठी मेन आउट (हॉलच्या स्पीकरला जाणारा) न वापरता ऑक्स आउट (मिक्सरचाच दुसरा आउटपुट, ज्यात प्रत्येक आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो) वापरा, त्यात पेटी-ढोलकी वेगळी वाढवता येते, आणि मंडळीच्या वर एक जादा माइक टांगून तो फक्त ऑक्सला द्या, स्पीकरला अजिबात देऊ नका नाहीतर शिट्टी वाजणार. आणि हे सगळं जमलंय का ते हॉलमध्ये बसून कळत नाही, हेडफोन घालून बाहेर कुणीतरी ऐकायला हवं. चर्चमध्येच कुणी मोबाईलवर लाइव्ह मोठ्याने लावलं तर काही सेकंद उशिराचा आवाज परत माइकमध्ये जातो आणि पाळकसाहेब एकच वाक्य दोनदा बोलल्यासारखं होतं, त्यामुळे तेही बंद.

लाइव्ह मधेच तुटतं

स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात, तुम्हाला लागतो अपलोड. ७२० पी दर्जाच्या चित्रासाठी साधारण ४ एमबीपीएस धरा, आणि ते रविवारी उपासनेच्या वेळेला तपासा, मंगळवारी रात्री नाही. कमी पडत असेल तर रिझोल्यूशन उतरवा, कुणी तक्रार करणार नाही. मोबाईलवरूनच लाइव्ह करत असाल तर डू नॉट डिस्टर्ब लावा, मधेच कॉल आला की संपलं. नवीन चॅनेल असेल तर अजून एक, यूट्यूबवर लाइव्हची परवानगी पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाईलवरून लाइव्हला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, म्हणजे नाताळच्या सकाळी चॅनेल उघडून उपयोग नाही.

आणि चॅनेल कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. बहुतेक ठिकाणी तरुण संघातल्या एका पोराच्या खासगी जीमेलवर असतं, त्याला बाहेरगावी नोकरी लागते, नंबर बदलतो, पासवर्ड विसरतो आणि मंडळीचं चॅनेल गेलं. चर्चच्या नावाने वेगळं खातं काढा आणि सेटिंगमधून दोघा-तिघांना मॅनेजर करा, पासवर्ड वाटत फिरायची गरज नाही.

गाण्यांची भानगड

स्लाइडवर गाण्याच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतायत? गाणी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (जो प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा टाकावा लागतो) टाइप केलेली आहेत आणि तो फॉन्ट या लॅपटॉपवर नाही. फॉन्ट टाकणं हा तात्पुरता इलाज झाला, एकदा बसून सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे मोबाईलवरही उघडेल आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवता येईल.

यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम (या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क आहे अशी नोटीस) आला की लोक म्हणतात, हे तर टिळकांचं भजन, शंभर वर्षांपूर्वीचं! खरंय, रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा त्यांचे शब्द मोकळे आहेत. पण तुम्ही मागे जो कराओके ट्रॅक लावला किंवा उपासनेआधी जी सीडी वाजवली तिचा हक्क वेगळा असतो, आणि यूट्यूबची मशीन तेच पकडते. आपली पेटी-ढोलकी वाजवा, क्लेमची शक्यता खूप कमी होईल.

कॅमेऱ्यात कोण येतंय

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावरच कुणी बोलत नाही. उपासनेला कुणी पहिल्यांदाच आलेलं असतं, घरी सांगितलेलं नसतं, आणि आपण कॅमेरा फिरवून त्याचा चेहरा जगाला दाखवतो. संध्याकाळी तीच क्लिप भावकीच्या ग्रुपवर. पुढे त्या माणसाला काय सोसावं लागेल याचा विचार कॅमेरा फिरवणाऱ्याने केलेला नसतो. कॅमेरा वेदीकडे ठेवा, मंडळी पाठमोरी दिसू दे, आणि लाइव्ह चालू आहे अशी पाटी दारात लावा. बाप्तिस्म्याचा व्हिडिओ त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय टाकूच नका, संडे स्कूलच्या मुलांचे फोटो आईबापांना विचारून.

साक्षींचंही (देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीत सांगणं) तेच. "कॅन्सर गेला, गोळ्या बंद केल्या" असं थंबनेलवर लिहून व्ह्यूज मिळतात, पण बघणारा खरोखर गोळ्या सोडू शकतो. शिवाय महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर केंद्राचा १९५४ चा कायदा आहे. साक्ष मंडळीत द्या, रिपोर्ट आणि आजाराचं नाव नेटवर नको. प्रार्थना विनंत्याही तशाच, अमक्या ताईंचं घरचं भांडण दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकून प्रार्थना करा म्हणणं म्हणजे चारचौघांत बोभाटाच की. एका माणसाचा नंबर द्या, विनंत्या फक्त त्याच्याकडे जातील.

व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट पोचत नाही अशी तक्रार असेल तर कारण सोपं आहे, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज जातच नाही. आणि रोज दहा वचनांची चित्रं पाठवत असाल तर लोकांनी म्यूट केलेलं असणार, त्यावर काही सेटिंग नाही.

अर्पणाचा क्यूआर

पाळकांचा किंवा खजिनदाराचा खासगी क्यूआर स्क्रीनवर लावू नका, कितीही प्रामाणिक असले तरी हिशोबात गोंधळ होतो. चर्च किंवा ट्रस्टच्या खात्याचाच लावा. व्हिडिओखाली खाते नंबर टाकताना परदेशातल्या नातेवाइकांचा विचार करा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर चालतं, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, परदेशी देणगी धरले जातात, त्याला एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. नोंदणी नसेल तर तसं तिथेच लिहून टाका आणि सीएला एकदा विचारा.