तळ्यातला आयरिस कुजतोय, फुलत नाही? या चुका टाळा

आयरिस हे फुलझाड पाण्यात वाढतं असं ऐकून हाती लागेल ती जात तळ्यात सोडली, की निम्मं काम तिथेच बिघडतं. बियर्डेड आयरिस, म्हणजे खालच्या पाकळीवर केसाळ पट्टा असलेला, पाण्यात ठेवू नका; कंद हमखास कुजतो. सायबेरियन आयरिसला काठावरची ओलसर माती पुरते.

खरा घोळ होतो एन्साटा आणि लेविगाटा या आयरिसच्या दोन जातींत. फुलं इतकी सारखी, की लेबलावर विसंबण्यापेक्षा पान तपासलेलं बरं. पानाच्या मधोमध बोट फिरवा. ठसठशीत शीर लागली तर एन्साटा, गुळगुळीत लागलं तर लेविगाटा. लेविगाटा बारा महिने उथळ पाण्यात खुशाल राहतो. एन्साटाला वाढीच्या आणि फुलांच्या दिवसांत भरपूर पाणी हवं, पण थंडीत तो सुप्त असताना कुंडी पाण्याबाहेर काढा. त्याला चुनाही सोसत नाही. शिरा हिरव्या आणि शिरांमधला पानाचा भाग पिवळा दिसला, तर आधी मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लता) बघा. नुसतं खत ओतून काही होत नाही.

खोली मोजतानाही गफलत होते. कुंडीच्या तळापासून नव्हे, कंदाच्या माथ्यापासून वर किती पाणी आहे ते मोजायचं. लेविगाटा आणि व्हर्सिकलर या आणखी एका जातीला 5 ते 10 सेंमी पुरे. नवं रोप आणखी उथळ ठेवा. कुंडीखाली विटा रचल्या की झालं.

कुंडीत कंपोस्ट भरू नका. ते तरंगतं, पाणी गढूळ करतं आणि शेवाळाचं फावतं. जड चिकणमाती भरा, वर खडीचा थर द्या.

पानं जोमदार पण फुलं नाहीत? रोज निदान सहा तास ऊन मिळतंय का ते पाहा. ऊन असेल तर कंदांची दाटी झाली असणार. दर तीन-चार वर्षांनी, फुलं ओसरल्यावर, गड्डा काढून बाहेरचे तरणे फुटवे लावा आणि मधला जून भाग टाका. हातमोजे घाला, रसाने त्वचेची आग होते.

पिवळ्या फुलांचा स्युडाकोरस लहान तळ्यात नकोच, माझं मत स्पष्ट आहे. मूळचा युरोपातला हा गडी उत्तर अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये पाणथळ जागा बळकावून बसलाय. आधीच लावला असेल तर शेंगा पिकण्याआधी कापा, कारण बिया पाण्यावर तरंगत दूर जातात. उपटलेले कंद ओढ्यात किंवा नदीत टाकू नका, तुकड्यालाही फुटवा येतो.