नीटमधील प्रयोगांवरचे प्रश्न आणि जर्नलातील ‘दक्षता’

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या २०२४ च्या सुधारित अभ्यासक्रमात भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचा आणि रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांमागील तत्त्वांचा स्वतंत्र घटक आहे. तरीही पुण्यात बारावी आणि क्लास एकत्र सांभाळणारी बरीच मुले प्रात्यक्षिकांकडे बोर्डाच्या ३० गुणांपुरतेच पाहतात. या घटकांसाठी अप्पा बळवंत चौकातून आणखी एक जाड पुस्तक आणण्याआधी आपलेच प्रात्यक्षिकांचे जर्नल उघडावे, आणि निरीक्षणांच्या तक्त्यांआधी त्यातील ‘दक्षता’, म्हणजे प्रयोगात घ्यायची काळजी, वाचावी, असे मी माझ्या तयारीच्या अनुभवावरून सुचवेन. सबमिशनच्या घाईत आपण उतरवून काढतो तो हाच भाग.

पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन पाहा. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, कारण थंड द्रावणात अभिक्रिया फार मंद चालते. मोहर क्षाराचे द्रावण मात्र तापवत नाहीत, कारण त्यातील फेरस आयनांचे हवेतील ऑक्सिजनमुळे फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण होते. दोन्हीकडे आम्ल विरल सल्फ्युरिकच लागते, कारण परमँगनेट हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइडपासून क्लोरीन मुक्त करते आणि नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असते. यांपैकी कोणतेही आम्ल वापरले, तरी ब्युरेटचे वाचन चुकते. यातल्या प्रत्येक ‘कारणा’वर चार पर्यायांचा प्रश्न सहज बेतता येतो. सेंद्रिय संयुगातील मूलद्रव्ये ओळखण्याच्या लॅसेनच्या चाचणीत सिल्व्हर नायट्रेट घालण्यापूर्वी अर्क नायट्रिक आम्लासह का उकळतात, हेही असेच: नायट्रोजन किंवा गंधक असल्यास सायनाइड व सल्फाइड आधी काढून टाकावे लागतात, नाहीतर त्यांचेच अवक्षेप हॅलोजनच्या चाचणीत घोटाळा करतात.

भौतिकशास्त्रात व्हर्निअर आणि स्क्रू गेजची धन-ऋण शून्यत्रुटी सरावाने बसते, तिच्यावर फार वेळ घालवू नये. अनुनाद नळीत दोन अनुनादी लांबींची वजाबाकी केल्याने टोकाची दुरुस्ती आपोआप जाते, आणि मीटर ब्रिजवर संतुलनबिंदू तारेच्या मध्याजवळ आणल्यास सापेक्ष त्रुटी कमी राहते. या दोन गोष्टी मात्र सूत्रावरून स्वतः मांडून पाहाव्यात.

हे सारे बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी उरकावे. ती संपल्यावर प्रयोगशाळेत जायला सहसा निमित्त उरत नाही. तोवर मात्र शंका आली, तर उपकरण हातात घेऊन सरांना किंवा लॅब असिस्टंटना विचारता येते.