सीझ : "जप्त" म्हणजे नेमकं काय आणि हे इंग्रजी क्रियापद वापरायचं कसं

मुंबईत राहून सीझ हा शब्द कानावर पडला नाही असा माणूस सापडणार नाही. सहार एअरपोर्टवर सोनं सीझ केलं अशी बातमी असते, गॅरेजवाला सांगतो इंजिन सीझ झालंय, हायकोर्टाच्या बातमीत "सीझ्ड ऑफ द मॅटर" असं काहीतरी असतं आणि कोणाचा मोबाईल किंवा गाडी पोलिसांनी नेली की हातात येणाऱ्या इंग्रजी कागदावर पण हाच शब्द. आपण सगळीकडे मनातल्या मनात "जप्त" असं लावतो आणि पुढे जातो. पण जप्त या एका शब्दात आपण इंग्रजीतली चार-पाच वेगवेगळी क्रियापदं कोंबलेली आहेत, आणि कायद्याच्या कागदावर त्यांचा अर्थ अजिबात एक नाही. म्हणून हे नीट शिकून घ्याच, परीक्षेसाठी नको असेल तरी.

आधी स्पेलिंग. एस, ई, आय, झेड, ई. शाळेत शिकवतात की आय आधी आणि ई नंतर, सी असेल तर उलटं, त्या नियमाला हा अपवाद आहे, इथे सी नसूनही ई आधी येतो. वेढा घालणे यासाठी जो सीज शब्द आहे त्यात मात्र आय आधी, आणि झेडच्या जागी जी. उच्चारही वेगळा, सीझचा शेवट "झेड"च्या सुरुवातीसारखा आणि वेढावाला सीज संपतो "कॉलेज"सारखा. देवनागरीत बरेच जण दोन्ही सारखेच लिहितात, मी इथे मुद्दाम वेगळे लिहितोय. तिसरा सीस, म्हणजे थांबणे, तो सी ने सुरू होतो. वसईचा किल्ला आठवा, मराठ्यांनी आधी वेढा घातला तो सीज, आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तिथे कॅप्चर्ड किंवा सीझ्ड. मला विचाराल तर कॅप्चर्ड जास्त शोभतं, कारण लढून, बरेच दिवस झुंजून घेतलेल्या गोष्टीला कॅप्चर म्हणतात आणि सीझमध्ये झडप असते.

हाच या क्रियापदाचा गाभा. अचानक, जोर लावून किंवा कायद्याच्या अधिकाराने ताबा घेणे. समोरच्याने खुशीने दिलं तर ते सीझ नाही. साहेब रिटायर झाले आणि तुम्हाला चार्ज मिळाला तर "ही टूक ओव्हर अ‍ॅज मॅनेजर", इथे सीझ्ड लिहिलंत तर ऑफिसात बंड झालं असं वाटेल. 1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार हटवलं, तिथे "द आर्मी सीझ्ड पॉवर" अगदी बरोबर.

आपलं मराठी "पकडणे" इथे फार फसवतं. दादरला लोकल पकडली तर कॅच, डब्यात हँडल पकडलं तर होल्ड, चोर पकडला तर अरेस्ट किंवा कॉट, आणि चोराकडचा माल पकडला तर सीझ. बातमीच्या इंग्रजीत वस्तू सीझ होतात, माणसं अरेस्ट होतात. "पोलीस सीझ्ड थ्री अ‍ॅक्यूज्ड" असं लिहू नका. माणसावर सीझ येतं ते अंगाला हात घालण्याच्या अर्थाने, "ही सीझ्ड मी बाय द आर्म", त्याने माझा दंड धरला, आणि तिथे माय आर्म नाही, द आर्म. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या आधी फ्रॉम लावायचा, "कस्टम्स सीझ्ड गोल्ड फ्रॉम अ पॅसेंजर". भूतकाळात नुसता डी, आयएनजी लावताना शेवटचा ई गळतो, एवढंच व्याकरण.

आता जप्तकडे या, खरा मुद्दा इथे आहे. सीझ म्हणजे वस्तू ताब्यात घेतली, मालकी अजून तुमचीच. कॉन्फिस्केट म्हणजे मालकीच सरकारकडे गेली. कस्टम्स अ‍ॅक्ट 1962 मध्ये या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, कलम 110 खाली अधिकारी माल सीझ करतो, मग साधारणपणे 6 महिन्यांत नोटीस द्यावी लागते, मुदत वाढवली तर आणखी 6 महिने, तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि त्यानंतर कॉन्फिस्केशनचा निर्णय. तेव्हासुद्धा बऱ्याच वेळा दंड भरून माल सोडवायचा पर्याय असतो. म्हणजे दुबईहून आलेल्या कोणाच्या बांगड्या सीझ झाल्या आणि घरच्यांनी "गेलं सोनं" म्हणून हात टेकले तर ते घाईचं आहे, कागदावर सीझ्ड आहे की कॉन्फिस्केटेड हे आधी बघा. पोलिसांचंही तसंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिच्या कलम 106 मध्ये संशयास्पद वस्तू सीझ करायचा अधिकार आहे, पण मुद्देमाल परत मिळावा म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. कलम 105 प्रमाणे झडती आणि सीझरचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंगही व्हायला हवं. हे कळायला वकील असायची गरज नाही, एक क्रियापद नीट माहीत असलं तरी पंचनामा वाचताना धीर येतो.

पुढचा भाऊ इम्पाउंड. पासपोर्टच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टानेच 2008 मध्ये फरक सांगितलाय, सीझ ही त्या क्षणाची कृती आहे आणि सीझ केल्यावर कागद काही काळ ठेवून घेतला तर ते इम्पाउंड होतं. पोलीस पासपोर्ट सीझ करू शकतात, इम्पाउंड मात्र पासपोर्ट कायद्याखाली पासपोर्ट अ‍ॅथॉरिटीच करणार. किती बारीक फरक आहे बघा, पण ज्याला परदेशी नोकरीवर जायचंय त्याचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

फ्लॅटवर जप्ती आली तर बहुतेक वेळा तो शब्द अटॅच असतो, फ्लॅट जागच्या जागी राहतो पण विकता येत नाही. बँक अकाउंटला फ्रीझ. आणि निवडणुकीत डिपॉझिट जप्त होतं ते फॉरफीट, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की डिपॉझिट गेलं. तिथे कोणी येऊन काही हिसकावत नाही, अट पाळली गेली नाही म्हणून हक्क संपतो, त्यामुळे "हिज डिपॉझिट वॉज सीझ्ड" चूक.

इंजिनवाला अर्थ आपल्या मेकॅनिक लोकांनी अगदी बरोबर उचललाय. ऑइल संपलं, घर्षणाने तापलं, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला, की इंजिन सीझ. इंग्रजीत याला अप जोडतात, "द इंजिन सीझ्ड अप", आणि कर्ता इंजिनच असतो, कोणी ते सीझ करत नाही. कंबर धरली तरी "माय बॅक सीझ्ड अप" चालतं. ऑन जोडला की अर्थ बदलतो, समोरच्याचं एखादं वाक्य लगेच उचलून धरणे, "द अपोझिशन सीझ्ड ऑन हिज रिमार्क". भीतीलाही हे क्रियापद लागतं, "पॅनिक सीझ्ड द क्राउड", गर्दीत एकदम घबराट उडाली.

संधीबरोबर तर नेहमीच, "सीझ द ऑपॉर्च्युनिटी टू स्पीक", टूच्या पुढे साधं क्रियापद. इंटरव्ह्यूत "आय वॉन्ट टू सीझ धिस ऑपॉर्च्युनिटी" म्हणायला हरकत नाही पण जरा भाषणासारखं वाटतं, बोलताना टेक किंवा ग्रॅब बरं.

नाम आहे सीझर, आणि त्याला दोन वाटा. न्हावा शेवा बंदरात ड्रग्जचं सीझर म्हणजे माल पकडला. हॉस्पिटलच्या कागदावर सीझर म्हणजे फिट, आकडी. पण डॉक्टरला सांगताना "ही वॉज सीझ्ड" म्हणू नका, "ही हॅड अ सीझर" म्हणा, इथे घोळ झालेला परवडत नाही.

राहिलं ते हायकोर्टाचं. "द बॉम्बे हायकोर्ट इज सीझ्ड ऑफ द मॅटर" याचा अर्थ कोर्टाने काही जप्त केलंय असा अजिबात नाही, प्रकरण कोर्टापुढे सुरू आहे एवढाच. हा वापर जुन्या जमीन कायद्यातून आलाय, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या क्रियापदाचा तिथे अर्थ होता जमिनीचा कायदेशीर ताबा देणे, त्यामुळे "सीझ्ड ऑफ" म्हणजे ज्याच्याकडे ताबा आहे तो. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या पत्रात हे वाक्य दिसलं की मीटिंगमध्ये लोक घाबरतात, तेव्हा शब्दानंतर ऑफ आहे का ते पहिलं तपासा. ऑफ असेल तर केस चालू आहे, आणि फ्रॉम असेल तर कोणाकडून तरी काहीतरी घेतलंय, मग काय घेतलं आणि कोणत्या कलमाखाली हे विचारून घ्या.