मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असताना विडी-सिगारेट कशी सोडावी

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, नैराश्य किंवा चिंतेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत आणि आता विडी सोडायची आहे. अशा माणसाने बंडल फेकून देण्याआधी एक काम करायचं: डॉक्टरांना सांगायचं. काही गोळ्यांचा डोस नकळत विडीच्या धुरावर बेतलेला असतो. धूर अचानक बंद झाला की तोच डोस अंगावर येतो. एवढं सांभाळलं तर या आजारातही विडी सुटते आणि सुखरूप सुटते.

"आधीच त्याचं डोकं ठिकाणावर नाही, निदान विडी तरी ओढू दे बिचाऱ्याला," असं बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्याची माया खरी असते, पण तिची किंमत फार मोठी आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. त्यातले बरेच मृत्यू हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या रोगांनी होतात, आणि या रोगांमागे तंबाखूचा हात मोठा आहे. विडीने मन शांत होतं असं वाटतं, त्याचं कारण साधं आहे. शेवटच्या विडीला दोनेक तास झाले की रक्तातलं निकोटिन उतरतं, जीव कासावीस होतो. पुढची विडी ती कासाविशी तेवढ्यापुरती घालवते, आणि माणूस म्हणतो, "टेन्शन गेलं." तंबाखू सोडलेल्यांच्या २६ अभ्यासांचा आढावा २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सोडल्यानंतर नैराश्य, चिंता आणि ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं, मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा.

१. गोळ्यांची पट्टी उलटून नाव वाचा

कंपनीचं नाव वेगळं असतं, त्याच्याजवळ बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. ते वहीत उतरवा. इंग्रजी वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

क्लोझॅपिन किंवा ओलान्झॅपिन असेल तर सगळ्यात जास्त जपायचं. तंबाखू जळताना धुरात जी रसायनं तयार होतात, ती यकृतातल्या एका एन्झाइमचं काम वाढवतात. हे एन्झाइम या दोन गोळ्यांना झपाट्याने शरीराबाहेर काढतं. म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो आणि डॉक्टरही तसाच डोस लावून देतात. विडी बंद केली की आठवडाभरात एन्झाइम थंडावतं. गोळ्या तेवढ्याच राहतात, रक्तातलं औषध मात्र वाढतं. क्लोझॅपिन तर दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतं. दिवसभर झापड, उभं राहिल्यावर भोवळ, उशी भिजेपर्यंत लाळ, घट्ट बद्धकोष्ठ, आणि फारच वाढलं तर फिट, अशी त्याची चिन्हं. चार दिवस पोट साफ झालं नाही तर क्लोझॅपिनच्या रुग्णाने घरगुती चूर्णावर भागवू नये, त्यातून आतडं बंद पडण्यापर्यंत वेळ येते.

फ्लुव्होक्सामिन, ड्युलॉक्सेटिन आणि हॅलोपेरिडॉल यांच्यावरही धुराचा थोडाफार परिणाम होतो. रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्रॅझोल, सर्ट्रालिन, व्हॅल्प्रोएट यांच्यावर फारसा नाही. तरी डॉक्टरांना सांगायचंच.

इथे दोन गैरसमज होतात. हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. म्हणून निकोटिनचा च्युइंगम चघळला किंवा कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी लावली तरी गोळ्यांचा डोस बघावाच लागतो. विडी सोडून तंबाखू-चुन्यावर किंवा मिश्रीवर गेलं तरी तेच, शिवाय तोंडाच्या कॅन्सरची टांगती तलवार. दुसरं म्हणजे, विसाच्या दहा विड्या केल्या तरी यकृताला फारसा फरक कळत नाही, एन्झाइम जोरातच राहतं. खरा बदल पूर्ण बंद केल्यावर होतो.

२. तारीख ठरवा आणि ती डॉक्टरांच्या कानावर घाला

आजपासून दोन ते चार आठवड्यांवरची तारीख घ्या. आजार पूर्ण बरा होण्याची वाट बघत बसू नका, तबियत महिनाभर स्थिर असली तरी पुरे. गोळ्या नुकत्याच बदलल्या असतील, घरात लग्न किंवा मयत असेल, तर तारीख पुढे ढकला.

आपल्याकडे विडी बऱ्याचदा एका दिवसात सुटते. कार्तिकीला तुळशीची माळ घातली, अय्यप्पाची ४१ दिवसांची दीक्षा घेतली, की त्या सकाळपासून बंद. ही श्रद्धेची ताकद मोठी आहे, तिचा जरूर उपयोग करावा. फक्त माळ घालायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावं. क्लोझॅपिन घेणाऱ्यांचा डोस डॉक्टर अशा वेळी पहिल्या आठवड्यात साधारण पाव हिश्श्याने कमी करतात आणि मग तपासून पुढचं ठरवतात. हा हिशेब त्यांनीच करायचा, घरी गोळी मोडून नव्हे. दीक्षा संपल्यावर पुन्हा विडी धरली तर चक्र उलटं फिरतं: औषध रक्तात कमी पडतं आणि महिन्याभरात कानातले आवाज किंवा संशय परत येऊ शकतात. कुणी इस्पितळात दाखल झाला तरी असंच होतं, आत विडी मिळत नाही आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मिळते.

भेटायचं कुठे? बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था. कर्नाटक सरकारच्या 'मनोचैतन्य' कार्यक्रमात तालुका रुग्णालयातही ठरावीक मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. आपल्याकडचा मंगळवार कोणता, ते आधी विचारून घ्या. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर मोडक्यातोडक्या हिंदीत अर्धवट सांगण्यापेक्षा एवढं एक वाक्य पाठ करा: "नानु बीडी सेदोदु बिट्टिद्दीनि, नन्न गुळिगे डोस नोड्री." म्हणजे मी विडी ओढणं सोडलंय, माझ्या गोळ्यांचा डोस बघा. अजून सोडली नसेल तर "बिट्टिद्दीनि"च्या जागी "बिडतीनि", सोडणार आहे.

३. निकोटिनचा च्युइंगम बरोबर चघळा

नुसत्या निर्धारावर सोडायला गेलेले बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच मागे फिरतात, आणि मानसिक आजारात तलफ जास्त तीव्र असते. म्हणून औषधाची मदत घेण्यात काही कमीपणा नाही.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, उशिरा लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा. तंबाखू खाण्याची सवय असलेला माणूस हा गम सुपारीसारखा कचाकचा चावतो. मग उचकी लागते, मळमळतं, घसा जळतो, आणि "आपल्याला सोसत नाही" म्हणून गम कोपऱ्यात जातो. योग्य रीत अशी: सावकाश आठ-दहा वेळा चावायचं. मिरीसारखा तिखटपणा किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गम गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. तिखटपणा ओसरला की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सोडा, लिंबूपाणी काही नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही.

पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. तलफ येईपर्यंत थांबू नका, घड्याळावर घ्या. नेमकी चूक इथेच होते: माणूस दिवसाला दोन-तीन गम घेतो आणि गमने काही होत नाही म्हणतो.

रोज दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यासाठी डॉक्टर २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करून पुढे १४ आणि ७ वर आणू शकतात. पट्टी आणि गम दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. पट्टी सकाळी कोरड्या, केस नसलेल्या जागी लावायची, रोज जागा बदलायची. रात्री भलतीसलती स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढायची.

व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्या चिठ्ठीवरच मिळतात. त्यांनी डोकं बिघडतं अशी भीती पूर्वी होती. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ८,००० हून जास्त लोक होते, त्यात निम्मे मानसिक आजाराचे. या गोळ्यांनी मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं त्यात आढळलं नाही, आणि व्हॅरेनिक्लिन सगळ्यात गुणकारी ठरली. फिट येणाऱ्याला मात्र बुप्रोपिऑन देत नाहीत, आणि बायपोलरमध्ये ती जपून वापरतात.

४. चहा

धुराने ज्या एन्झाइमला जोर येतो तेच चहा-कॉफीतलं कॅफिनही बाहेर काढतं. विडी बंद झाल्यावर नेहमीचेच सहा कप दुप्पट कपांसारखे लागतात: छातीत धडधड, हात थरथर, रात्रभर डोळा नाही. मग सगळे म्हणतात, विडी सोडली म्हणून आजार उलटला. तेव्हा चहा निम्म्यावर आणा. लिथियम घेणाऱ्याने मात्र चहा एकदम तोडू नये, कारण कॅफिन कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं. आधी डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

५. रोज रात्री चार ओळी लिहा

किती तास झोपलो, चिडचिड किती, भूक कशी, आवाज किंवा संशय आहेत का. सोडण्याच्या दोन आठवडे आधीपासून लिहायला घ्या, म्हणजे तुलना करता येते.

सोडल्यावरचा त्रास पहिल्या दिवसातच सुरू होतो, दोन-तीन दिवसांत कळसाला जातो आणि तीन-चार आठवड्यांत उतरतो. चिडचिड, अस्वस्थपणा, उदासी, मोडलेली झोप, भूक, लक्ष न लागणं, हे सगळं त्यात बसतं आणि बऱ्याचदा गमने अर्ध्या तासात थोडं हलकं होतं. कानात आवाज येणं, कुणी पाळत ठेवतंय असं वाटणं, तीन रात्री न झोपताही अंगात जोर असणं, हे विडीच्या माथी मारू नका, तो आजार डोकं वर काढतोय. डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. तो दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलायला मागता येतं. नुसत्या तलफेबद्दल बोलायचं असेल तर तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक.

बरं वाटायला लागल्यावर काही जण विडीबरोबर गोळ्याही सोडतात. तसं अजिबात करू नका.

६. घरच्यांसाठी

"गोळी घे, मग विडी देतो" हा सौदा कित्येक घरांत रोज होतो. गोळीला विडीचं बक्षीस लागलं की विडी कधीच सुटत नाही. सोडायच्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून बक्षीस बदला: गोळीनंतर आवडीचं गाणं, गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, मोबाइलवर अर्धा तास. ओलान्झॅपिन आणि क्लोझॅपिनने वजन आणि साखर आधीच वाढते, म्हणून विडीच्या जागी कुंदा किंवा बिस्किटं नकोत. बडीशेप, लवंग, काकडी, मूठभर फुटाणे चालतील. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम हवं.

निपाणी-चिकोडी भागात घरातच विड्या वळल्या जातात, तंबाखूचा वास भिंतींना असतो. रोजी बंद करा असं कुणी म्हणणार नाही. सूप आणि तंबाखू रुग्ण झोपतो त्या खोलीतून हलवा, आणि घरात दुसरा कुणी ओढत असेल तर त्याने अंगणात जावं.

७. पुन्हा ओढली तर

एखादी विडी ओढली म्हणून सगळं वाया गेलं असं धरू नका, गम चालू ठेवा आणि त्या वेळी कुठे होता, कुणाबरोबर होता, ते वहीत लिहा. बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात. पण पुन्हा रोजची सुरू झाली आणि क्लोझॅपिन किंवा ओलान्झॅपिनचा डोस कमी केलेला असेल, तर लाज न बाळगता आठवड्याच्या आत डॉक्टरांना सांगा. कमी केलेला डोस धुरापुढे पुरत नाही, तो पुन्हा बघावा लागतो.