जुन्या सी कोडमध्ये फंक्शन शोधायचंय? सीस्कोप टाका

लातूर-नांदेडकडं कॉलेजच्या प्रोजेक्टला आधीच्या बॅचचा सी कोड हाती पडला, तर नुसत्या ग्रेपवर, म्हणजे फायलींत शब्द शोधणाऱ्या कमांडवर, भागवू नका. ते कॉमेंटमधलं नावही दाखवतं. सीस्कोप हे टर्मिनलमध्ये चालणारं, सी कोडात शोध घेणारं साधन. कोडच्या मूळ फोल्डरात जाऊन सीस्कोपला मायनस कॅपिटल आर (cscope -R) द्या, आतले सगळे फोल्डर धरून कोडातल्या नावांची सूची तयार होते. मग खाली पर्याय दिसतात: व्याख्या कुठं आहे वगैरे. खरा कामाचा पर्याय म्हणजे या फंक्शनला बोलावतं कोण. पॅरामीटर बदलण्याआधी तो बघाच. टॅबनं निकालांत जा, कंट्रोल-डीनं बाहेर या. कोड बदलला नसेल तर पुढच्या वेळी मायनस स्मॉल डी (cscope -d) द्या. सूची पुन्हा बनत नाही. नेट गेलं तरी काही अडत नाही. पायथनसाठी मात्र याच्या नादी लागू नका.