इम्युलेटरच्या रिफॅक्टरिंगचा रिव्ह्यू करताना या चुका टाळा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले, की पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आमच्या झेड८० इम्युलेटरसाठी, म्हणजे झेड८० या जुन्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामसाठी, पॅच (कोडमधील बदलांचे प्रस्ताव) येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेकांवर ‘कोड क्लीनअप’ असे लिहिलेले असते, म्हणजे काम तेच ठेवून कोडची रचना सुधारणे, अर्थात रिफॅक्टरिंग. नव्या मुलांनी या कामात यावे, असे मला मनापासून वाटते. परंतु त्यांचे पॅच तपासणारे सीनियरही दर वर्षी त्याच चुका करतात, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सारखी दिसणारी दोन फंक्शन्स एकत्र झाली, की कोड सुधारला असे मानणे. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने ‘आयएनसी’, म्हणजे एकाने वाढवण्याच्या इन्स्ट्रक्शनचे स्वतंत्र फंक्शन काढून टाकले आणि तेथे बेरजेच्याच फंक्शनला १ पाठवला. कोड आटोपशीर झाला, आणि दोघा रिव्ह्यूअरांनी डिफवर, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीवर, नजर फिरवून मान्यता दिली. पण झेड८०ची आठ बिटांची ‘आयएनसी’ कॅरी फ्लॅगला, म्हणजे बेरजेतील हातचा नोंदवणाऱ्या बिटाला, हात लावत नाही. बेरीज मात्र तो बदलते. अनेक बाइटांची बेरीज करणारे जुने लूप नेमके यावरच उभे असतात. ‘एडीसी’ने, म्हणजे हातच्यासह बेरजेने, एक बाइट मिळवायचा, मग ‘आयएनसी एल’ने एचएल या रजिस्टरातील पत्त्याचा खालचा बाइट वाढवून पत्ता पुढे न्यायचा, कारण तिला ४ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात आणि ‘आयएनसी एचएल’ला ६, आणि तोवर हातचा कॅरीमध्ये शाबूत राहील हे गृहीत धरायचे. नव्या कोडमध्ये तो हातचा पुसला जात होता, त्यामुळे २०० अधिक १०० यांचे उत्तर ३०० ऐवजी ४४ येऊ लागले. बेरीज २५५च्या आत असेपर्यंत सारे सुरळीत दिसे, आणि म्हणूनच दोष शोधायला शेवटी गिट बायसेक्टने, म्हणजे कमिटांचा (नोंदवलेल्या बदलांचा) संशयित पल्ला दर वेळी निम्मा करत, तपासत जावे लागले.

फ्रँक क्रिंगल यांची झेक्सडॉक ही चाचणी नेमक्या अशाच चुका पकडते, कारण ती इन्स्ट्रक्शनच्या प्रत्येक गटाला असंख्य वेगवेगळी मूल्ये देऊन निकालांचा आणि फ्लॅगांचा सीआरसी (पडताळणीसाठी काढलेला आकडा) खऱ्या चिपच्या सीआरसीशी ताडून पाहते. ‘फार वेळ लागतो’ म्हणून ती कोणी चालवलीच नव्हती. हे कारण मला मान्य नाही. ज्याला एवढे थांबवत नाही, त्याने सीपीयूच्या फाइलला हात लावू नये. फंक्शन्स एकत्र करणारा पॅच आला, की मी झेड८० बनवणाऱ्या झायलॉगचे मॅन्युअल उघडून दोन्ही इन्स्ट्रक्शनांचे फ्लॅगांचे वर्णन शेजारी शेजारी ठेवतो, आणि एकाही फ्लॅगमध्ये फरक दिसला, तर पॅच परत पाठवतो.

नावे बदलणे, फॉरमॅटिंग आणि तर्कातील बदल एकाच कमिटमध्ये स्वीकारू नका. फॉरमॅटरने हलवलेल्या शेकडो ओळींमध्ये बदललेली एक अट डोळ्यांना दिसत नाही, आणि ‘उद्या वेगळे करून देतो’ म्हणणारा उद्या ते करत नाही. मी असा पॅच वाचायलाच घेत नाही.

६५०२ या दुसऱ्या जुन्या प्रोसेसरच्या इनडायरेक्ट ‘जेएमपी’मध्ये, म्हणजे पुढचा पत्ता मेमरीतून वाचणाऱ्या उडीमध्ये, तो पत्ता पानाच्या (२५६ बाइटांच्या गटाच्या) शेवटच्या बाइटवर सुरू होत असेल, तर त्याचा वरचा बाइट त्याच पानाच्या सुरुवातीपासून वाचला जातो. हा मूळ चिपचाच दोष आहे आणि तो ६५सी०२मध्ये दुरुस्त झाला. त्यामुळे ६५०२च्या इम्युलेटरमध्ये कोणी तो ‘सुधारला’, तर पॅच नाकारा.

एक्स८६च्या, म्हणजे पीसीतील इंटेल घराण्याच्या प्रोसेसरच्या, इम्युलेटरमध्ये ३२ बिटांच्या शिफ्टमधून (बिट सरकवण्यातून) ३१चा मास्क, म्हणजे खालचे ५ बिटच ठेवणारी क्रिया, निरुपयोगी म्हणून काढलेला दिसला, तर तो परत घालायला लावा. प्रोसेसर शिफ्टच्या संख्येचे खालचे ५ बिटच पाहतो, परंतु सी भाषेत ३२ बिटांची संख्या ३२ने शिफ्ट केल्यास काय व्हावे, हे ठरवलेलेच नाही.

चाचणीचे अपेक्षित उत्तर त्याच पॅचमध्ये बदललेले असेल, तर बाकी काही वाचण्याआधी ते का बदलले हे विचारा, आणि बदल खरोखरच आवश्यक असेल, तर त्यासाठी वेगळा पॅच आणि मॅन्युअलचा पृष्ठक्रमांक मागा.